जोडवी ऐकणारी मशीन

अहो, तुमच्या मशीनचा कान त्यांनी पिळला.

तुम्हाला नेऊन आठवडाही झाला नव्हता. मी भिंतीला टेकून बसले होते, तुमच्या बहीण बेबीताई मला चहात बुडवून टोस्ट खाऊ घालत होत्या, आणि दारात कापसाच्या जिनिंगचे दिवाणजी उभे. गुणवंतराव. चपला काढून आत आले, तुमच्याबद्दल चार शब्द बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. मग बसल्या जागी चुळबुळ करायला लागले.

"वैनी, ही वेळ नाई, समजते मले. पन ते तुमची मशीन सकाळपासून बोंबलून राह्यली. गंजीवर धरली तरी बोंबलते, हवेत धरली तरी बोंबलते. बाया म्हणतात, भाऊच्या मागं रडते."

मला असा राग आला! मशीन रडत नाही. कुणीतरी नॉब लाल खुणेच्या अलीकडे ओढला असणार, म्हणून तिला स्वतःचाच धक्का ऐकू येतोय. तुम्ही असता तर हे एवढ्या मोठ्यानं सांगितलं असतं की शेजारच्यांची म्हैस उठून उभी राहिली असती. मी मान खाली घालून बसले. सुतकातल्या बाईनं नॉबबद्दल बोलायचं नसतं.

"मी म्हणतो, भाऊच नाईत तं यंदा ते खुंटीलेच राहू द्या. सीझन जाऊ द्या. पुढच्या साली पाहू," म्हणाले आणि हात जोडून गेले. साधा माणूस आहे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मशीन खुंटीला म्हणजे लोखंड आहे का ते न ऐकता कापूस आत जाणार, आणि न ऐकलेल्या कापसानं काय केलं होतं, ते तुम्ही आणि मी एकाच अंगणात उभे राहून पाहिलेलं आहे.

तुम्ही गेल्यापासून माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपली भांडणं अर्धी राहिली आहेत, आणि अर्धं काम टाकून उठण्याची तुमची सवय नव्हती.

मंदाची आठवण तुम्ही कधी काढली नाही. मी काढते. गंजीवर ती माझ्या शेजारी काम करायची. गाड्यांमधून आलेला कापूस आम्ही बाया उपसायचो, कवडी-काडी, म्हणजे किडका कापूस नि कचरा, वेचायचो, मग तो आत रोलरवर जायचा, सरकी एकीकडे, रुई एकीकडे. त्या दिवशी मंदा आणि सिंधूबाई आतल्या बाजूला कापूस लोटायला गेल्या होत्या. मी पाणी प्यायला नळावर. आधी नुसता वास आला. रुईला आग लागते तेव्हा पेटताना दिसत नाही, ती आतल्या आत पसरते, आणि दिसते तेव्हा सगळीकडेच असते. तुम्ही जिनिंगचे फिटर. तुम्ही लाइन बंद केली आणि आत घुसलात. सिंधूबाईला ओढत आणलंत, तिच्या लुगड्यासकट, तिच्या ओरडण्यासकट. मग परत आत गेलात. दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं आलात.

त्या धुरानं तुमची छाती कायमची धरली. डॉक्टरांनी पुढं त्याला वेगवेगळी नावं दिली. मी त्याला मंदाचं नाव दिलं होतं, मनात. रात्री तुम्ही खोकायला लागलात की मला वाटायचं, हे अजून तिला शोधायला आत चाललेत.

आग थंड झाल्यावर रोलरच्या फटीत तुम्हाला अर्धं पातं सापडलं. दाढीच्या ब्लेडचं. हमाल लोक कापसाच्या बोंदऱ्यांची, म्हणजे गोणपाटाच्या गाठोड्यांची, शिवण कापायला ब्लेड मधोमध मोडून बोटांत धरतात, आणि ते निसटलं की कापसात गेलं. रोलरच्या पात्याला लोखंड घासलं की ठिणगी. त्याच अर्ध्या ब्लेडनं झालं का दुसऱ्या कशानं, कुणी सांगू शकत नाही. तुम्हीही कधी छातीठोक सांगितलं नाही. पण ते पातं तुम्ही घरी आणलंत, एका पुठ्ठ्यावर चिकटपट्टीनं लावलंत आणि मला दाखवून म्हणालात, "एवढं ऐकू आलं पाह्यजे. एवढुसं."

बस. त्या दिवसापासून आपल्या घरात स्वयंपाकापेक्षा सोल्डरिंगचा वास जास्त.

पहिली कॉइल तुम्ही स्टीलच्या डब्यावर गुंडाळलीत, आठवतं? धातू शोधायची कॉइल धातूच्या डब्यावर! सकाळभर मशीन नुसती किंचाळत होती आणि तुम्ही सर्किटला शिव्या देत होता. मी पीठ मळता मळता म्हणाले, "काहो, तो डबा कायचा हाय?" तुम्ही डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून बाहेर जाऊन विडी ओढायला लागलात, खोकत. त्यानंतर कॉइल माझ्याकडे आली. जळक्या मोटारीची तांब्याची तार, प्लास्टिकच्या बादलीचं तोंड, आणि माझे हात. वेढा एकावर एक सैल पडला तर तुम्हाला ऐकू यायचा. खरंच ऐकू यायचा. "इथं ढिली हाय," म्हणायचात, डोळे मिटून. कुणी विचारलं तर सांगायचात, "सर्किट माझं, कॉइल निर्मलाची." त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहिले. चारचौघांत नवऱ्याचे आभार मानणारी बाई आपल्याकडे कुणी पाहिली आहे?

मला ही मशीन तुम्ही समजावली ती मी विसरणार नाही. तुम्ही ओसरीवर बसला होता, मी तूर निवडत होते. तुम्ही परातीवर बोटानं टिचकी मारली. टण्ण. मग म्हणालात, "कॉइल अशी टिचकी मारते. एका सेकंदात लै वेळा. टिचकी मारली का परात वाजते, आन् आसपास धातू असन तं तोही वाजते. पन लगेच आयकलं तं परातच आयकू येईन. परात चूप झाल्यावर आयकाचं. मंग जे वाजत असन, ते दुसरं कोनी." मी म्हणाले, "मंग जरा जास्तच थांबाव. परात पक्की चूप होईन." तुम्ही हसलात. "जास्त थांबली तं बारकं तोवर मरून जाते. जाड लोखंड लै वेळ वाजत राह्यते. पातं लगेच चूप होते. पात्याले जीव कमी."

टिचकीनंतर किती थांबायचं, तेवढं ठरवणारा तो नॉब. तुम्ही त्याला डिले म्हणायचा, यार्डातल्या बाया कान म्हणायच्या. माझ्या नखांच्या रंगाच्या बाटलीतून, जी मी केळझरच्या यात्रेतून आणली आणि तुमच्यामुळे कधी लावू शकले नाही, तुम्ही त्याच्यापाशी एक लाल खूण केलीत. त्या खुणेवर पातं ऐकू येतं. अलीकडे नेलं की मशीन स्वतःलाच ऐकून बोंबलते. पलीकडे नेलं की पातं जातं, नुसते नट-बोल्ट राहतात.

दुसरा नॉब कुरकुरीचा. कानाला जेमतेम लागेल एवढी बारीक कुरकुर स्पीकरमधून कायम यायला हवी, असा तुमचा हट्ट. "साफ चूप मशीन म्हंजे बहिरी मशीन, निर्मला. कुरकुर हाय म्हंजे जागी हाय." मी म्हणाले, "म्हनून तं मी करतो कुरकुर. घर जागं हाय हे तुमाले समजाव." सध्या आपलं घर साफ चूप आहे. बेबीताईसुद्धा भांडी घासताना आवाज करत नाहीत. मला ते सहन होत नाही.

मध्यंतरी ते दोघं आले होते, गुप्तधनवाले. लिंबू, हळद, आणि खिशात कुठल्याशा पडक्या गढीचा नकाशा. मशीन एक अमावस्येपुरती द्या म्हणाले. तुम्ही त्यांना गंभीरपणे विचारलं, "धन किती खोल?" पुरुषभर, म्हणाले. "मंग ह्या मशीनीले नाई दिसनार. हिले फक्त बोटभर खोल गरिबाचं धन दिसते," म्हणालात आणि पुठ्ठ्यावरचं पातं दाखवलंत. ते गेले तेव्हा आपण दोघं हसून हसून लोळलो, आणि हसता हसता तुम्हाला ढास लागली, ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. तुमच्या छातीनं आपल्याला एकही हसू पुरतं हसू दिलं नाही.

गिरडच्या दर्ग्याला गेलो तेव्हाही पिशवीत मशीन होतीच. बाबांच्या टेकडीवर चादर चढवून झाली, लोक ते खोबऱ्या-सुपारीसारखे दगड वेचत होते, व्यापाऱ्याचा माल बाबांनी दगड करून टाकला म्हणतात ते, आणि तुम्ही प्रत्येक दगडावर कॉइल धरून पाहात होता. "एकबी बोलत नाई," म्हणालात खूश होऊन, जसं काही बाबांनी तुमच्या सर्किटला पास केलं.

आता भांडणाकडे येते.

नॉब डब्याच्या आत राहावा, वर स्क्रू मारलेला, असं तुमचं म्हणणं. कुणी हात लावायला नको. माझं म्हणणं, जी बाई दिवसभर मशीन धरेल तिच्या हातात नॉब पाहिजे. तुम्ही ऐकलं नाही. नॉब आत गेला. आणि मग काय झालं? तुम्ही यार्डात आलात तर मशीन गप्पगार. कुरकुरसुद्धा नाही. तुम्ही स्पीकरची जाळी उघडली. आत ठासून कापूस भरलेला! जिनिंगच्या बायांना कापसाची काय कमी. तुम्ही चिडून जाळी जमिनीवर आपटलीत. सिंधूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, घडी घडी बोंबलते. पाय पुढं टाकला का बोंबलते. आमी काम कराव का हिची बोंब आयकाव?"

पाय पुढं टाकला की. तिथं तुमच्या लक्षात आलं. गंजीच्या कडेनं कापूस जमिनीवर पसरून त्यावरून कॉइल फिरवायची, तर ती पायाजवळूनच जाणार. आणि पायात जोडवी.

पातळ चांदीची, तोंड उघडी असलेली जोडवी. मशीनच्या कानाला ती आणि अर्धं पातं जवळपास सारखीच. एक ऐकायचं तर दुसरंही ऐकू येणार. तुम्ही यार्डात सगळ्या बायांसमोर उभे राहिलात आणि सरळ सांगून टाकलंत, "कामावर येतांनी जोडवे काढून डब्यात ठेवत जा. जातांनी घालत जा."

मी तिथं होते म्हणून. नाहीतर तुम्ही त्या दिवशी जिवंत घरी आला नसता.

"बावा, नवरा जित्ता असतांनी जोडवे काढू?" सिंधूबाई म्हणाली. तीच सिंधूबाई, जिला तुम्ही ओढून बाहेर आणलं होतं, जिच्या दोन्ही हातांवर अजून चामडी चकाकते. "तुमच्या मशीनीले आमचे नवरे माराचे हाय काय?"

सगळ्या हसल्या, पण एकीनंही काढली नाहीत. घरी आल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू तं शिकेल हायेस. तू काढ. तू काढली तं त्या काढतीन."

"नाई काढनार."

"काऊन?"

"तुमी हायेत तोवर नाई काढनार."

"अन् मंग? मी गेल्यावर काढशीन? तवा मशीन कोन लावून देईन तुले?"

मी भाकरी थापत राहिले. मी देवभोळी नाही, तुम्हाला माहीत आहे. उपास मी पोटासाठी करते. पण तुमची छाती रोज रात्री शिट्टी वाजवायची आणि मी तुमच्या शेजारी जागी असायचे. त्या शिट्टीवर मला काहीच करता येत नव्हतं. एक एवढंसं चांदीचं वळं तरी आपल्या जागी राहू दे, असं वाटायचं. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता, आणि तुमचं हसणं म्हणजे परत ढास. म्हणून नाही सांगितलं.

मग तुम्ही माझ्याकडे पाठ करून आठवडाभर काहीतरी ठोकत बसलात. नॉब बाहेर आला. मी जिंकले. आणि मशीनला बांबूचा लांब दांडा लागला, म्हणजे कॉइल पायाच्या पुष्कळ पुढे राहील. "जोडवे तुमचे, पाठ तुमची," म्हणालात. दांडा लांब, म्हणून वजन हाताला जास्त. संध्याकाळपर्यंत खांदा भरून यायचा, आणि थकवा आला की कॉइल हळूहळू पायाकडे येऊन बोंब मारायची. मग कुणीतरी, कधी सिंधूबाई, कधी दुसरी, हळूच कान थोडा पलीकडे पिळायची. जोडवी गप्प. पातंही गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुठ्ठा घेऊन यार्डाच्या फाटकात हजर. पातं कापसाखाली सारून मशीन फिरवायची, ऐकू नाही आलं की नॉब परत लाल खुणेवर, आणि एक ठेवणीतली शिवी. ज्या दिवशी तुम्हाला चालवेना, त्या दिवशी पुठ्ठा माझ्या पदरात देऊन पाठवायचात, आणि मी परतले की खाटेवरून पहिला प्रश्न, "आयकू आलं?"

मी जेवले का, हा प्रश्न दुसरा.

दवाखान्यातलं एक सांगायचं आहे. डॉक्टरांना मणक्यातही काही शंका आली म्हणून त्यांनी एमआरआय सांगितला. दारावरचा माणूस म्हणाला, सोबत एकजण आत आलं तरी चालेल, पण अंगावरचा सगळा धातू बाहेर. मी मंगळसूत्र काढून हातात घेतलं. मग जोडव्यांसाठी वाकले, आणि वाकलेलीच राहिले. तुम्ही स्ट्रेचरवर होता, नाकात नळी. तुम्ही सगळं पाहिलं. "राहू दे," म्हणालात. "तू भाईरच थांब." आणि "हिच्या जोडव्यापायी मी लै मार खाल्ला, भाऊ," हे त्या माणसाला. तो हसला. दार बंद झालं. आतून ठकठक, ठकठक ऐकू यायला लागलं, भिंतीतून, किती तरी वेळ. मी बाहेर उभी राहून ते सगळं ऐकलं. बाहेर आलात तेव्हा चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे चमकत होते. "निर्मला, आपल्याच मशीनीचा मोठा भाऊ हाय तो. टिचकी मारते आन् आयकते." एवढं बोलून दम लागला. मी तुमच्या कपाळावरचा घाम पुसला. मशीनच्या मोठ्या भावाला तुमच्यात जे ऐकू आलं, ते डॉक्टरांनी मला वेगळ्या खोलीत बोलावून सांगितलं.

त्यानंतर तुम्ही जास्त बोलला नाहीत. शेवटचं नीट वाक्य, मला समजलेलं, होतं, "लाल खुनेवरच ठेवजो." आणि मी काय म्हणाले? "तुमी नका शिकवू मले." आपण रोज ज्या सुरात बोलायचो त्याच सुरात. दुसरं काही बोलायला हवं होतं की काय, ते मला ठरवता येत नाही. दुसरं काही बोलले असते तर तुम्ही घाबरला असता.

दहाव्याला बोर नदीच्या काठावर सगळ्या बाया माझ्याभोवती गोल बसल्या. बेबीताई साबणाचा तुकडा घेऊन माझ्या पायाशी बसल्या. जोडवी रुतली होती, निघेनात. ताई रडत होत्या. मी म्हणाले, "द्या इकडं." मीच काढली. बोटांवर दोन पांढरे पट्टे निघाले, उन्हानं कधी न पाहिलेले. ताई म्हणाल्या, आता ती पाण्यात सोड. मी मूठ मिटली. "सोड न वं, निर्मला. घरात नाई ठेवत." मी नाही सोडली. कुणी जबरदस्ती केली नाही. माझं तोंड तसं झालं असेल.

परत येताना अनवाणी चालले. पायाच्या बोटांना वारा लागत होता आणि मला तुमचा इतका संताप आला, इतका, की रस्त्यात थांबून ओरडावं वाटलं. किती वर्षं मागत होता. घ्या. काढली. आता या मशीन लावायला.

तेरवी झाली त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी निघाले. बेबीताई दारात आडव्या झाल्या. "महिनाभर तं थांब. लोकं काय म्हनतीन?" मी म्हणाले, "ताई, लोकं गंजीवर काम करून राह्यले. त्याहीले काई झालं तं मंग लोकं काय म्हनतीन?" त्या बाजूला झाल्या. तुमची बहीण आहे, शेवटी समजतं तिला.

यार्डात मशीन खरंच खुंटीला होती, आणि दांड्यावर कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं होतं. गुणवंतराव लगबगीनं आले. "वैनी, काऊन आल्या तुमी?" मी मशीन खाली घेऊन चालू केली, ती बोंबललीच. नॉब पार टोकाला, खुणेच्या कितीतरी अलीकडे, आणि तो तिकडे जाऊ नये म्हणून तुम्ही बसवलेला अडसराचा स्क्रू मोडलेला. मी नॉब लाल खुणेवर आणला. बोंब थांबली. कुरकुर लावली, जेमतेम. मग पुठ्ठा शोधला. नव्हता. झाडताना गेला असेल, कुणाला ठाऊक. पातं नाही तर मशीन ऐकते की नाही ते कसं कळणार? नुसत्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, हे तुमचंच सांगणं. बॅटरी उतरली की खूणही खोटं बोलते.

"राहू द्या मंग," गुणवंतराव म्हणाले. फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. हमालांच्या बोटांत अर्धी पाती होती, पण त्यातलं एक कापसात टाकलं आणि मशीनला ऐकूच आलं नाही तर? चांदीची ठिणगी तरी पडत नाही.

मी पदराची गाठ सोडली आणि एक जोडवं काढलं. "हे कापसात टाका. कुठंबी. मी पाहात नाई." तोंड फिरवून उभी राहिले. मागे कुणी हललं नाही. मेलेल्या माणसाच्या बायकोचं जोडवं. कोण हात लावणार? त्या बायांचे नवरे घरी जिवंत होते, आणि हीच भीती कालपरवापर्यंत मीही पायात घालून फिरत होते, त्यांना काय बोलू.

मग कुणीतरी माझ्या हातातून जोडवं उचललं. बोटं चकाकत्या चामडीची होती. सिंधूबाई. कापसातून तिची पावलं गेली आणि परत आली. "टाकलं," म्हणाली.

मी दांडा धरला. आणि पुढे जायच्या आधी, सवयीनं म्हणा नाहीतर कशानं, कॉइल माझ्याच पायाशी आणली. अगदी बोटांवर. बोंब नाही, कुरकुर होती तशीच राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्हाला हवी होती तशी साफ मशीन. अहो, मी तिथं उभ्या उभ्या रडले, सगळ्यांदेखत, आणि मशीन हातातून सोडली नाही.

मग पसरलेल्या कापसावरून फिरत गेले. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, तुम्ही शिकवलं तसं, घाई न करता. गंजीच्या कोपऱ्यापाशी मशीन ओरडली. तोच आवाज. ज्या आवाजासाठी तुम्ही बायांची बोलणी खाल्लीत, माझी खाल्लीत, दांडा लांब केलात, आठवडाभर अबोला धरलात. सिंधूबाईनं कापूस बाजूला सारला. खाली माझं जोडवं.

आता ते नव्या पुठ्ठ्यावर लावलं आहे. रोज सकाळी सिंधूबाई ते गंजीत लपवते, मी शोधते. ते ऐकू आल्याशिवाय यार्डात कुणी कापसाला हात लावत नाही.